डॉक्समधला वॉर्निंग बॉक्स कधी गायब, कधी अर्धा: पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं निवारण

तक्रार साधारण अशी असते. ‘ही कमांड चालवली की जुना डेटा कायमचा पुसला जाईल’ असा इशारा डॉक्सच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेच्या, पानावर वॉर्निंग बॉक्समध्ये लिहिलेला असतो. रिपॉझिटरीत (जिथे मूळ फाइली ठेवतात) तो नीट दिसतो, रिव्ह्यूही झालेला असतो. पण वाचणाऱ्याला तो बॉक्स दिसलेलाच नसतो. कुणाला तिथे बॉक्सची खूण म्हणून लिहिलेले नुसते तीन कोलन (:::) दिसतात, कुणाला साधा परिच्छेद, तर कुणाला अर्धा मजकूर चौकटीत आणि उरलेला बाहेर. एक पान दुरुस्त करावं, तर पुढच्या रिलीजला दुसऱ्या पानावर तेच.

मी मुंबईत पेमेंट इंटिग्रेशनचं काम करणाऱ्या एका टीमचे डॉक्स सांभाळतो. आमचे वाचक शहरभर पसरलेले आहेत: अंधेरी-पवईच्या स्टार्टअपमधली मुलं, बीकेसीतल्या बँकांचे आयटी विभाग, डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर वाचत येणारे फ्रीलान्सर. विषय पैशांचा आहे. ‘रिफंडची विनंती टाइमआउट झाली तर ती नव्या आयडेम्पोटन्सी कीने पुन्हा पाठवू नका’ ही ओळ वाचली गेली नाही, तर एकच रिफंड दोनदा जाऊ शकतो (आयडेम्पोटन्सी की म्हणजे तीच विनंती पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखता यावं म्हणून दिलेला क्रमांक). म्हणून हा बिघाड मी सजावटीचा किरकोळ बग मानत नाही. तुम्हीही मानू नका.

बॉक्स मोडला की बहुतेक जण आधी सीएसएसची, म्हणजे रंगरूप ठरवणारी, फाइल उघडतात. मी आधी तयार झालेलं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला मिळणारं पान, बघायला सांगेन. इशारा ‘इशारा’ म्हणून तिथपर्यंत पोहोचला का, हा पहिला प्रश्न. पोहोचूनही दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, ही वेगळी गोष्ट. दोन्हींचे उपाय एकमेकांशी संबंध नसलेले आहेत, आणि ते एकत्र करत बसल्यामुळेच हा बग वर्षानुवर्षं उघडा राहतो.

पहिली तपासणी

तक्रार आलेलं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि इशाऱ्याच्या मजकुरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा. मजकुराभोवती तुमच्या कंपोनंटचा (बॉक्स बनवणाऱ्या कोडचा) टॅग किंवा क्लास दिसतो का? नसेल तर गडबड लिहिण्यात किंवा पार्सरमध्ये (लिहिलेला मजकूर वाचून एचटीएमएल बनवणाऱ्या भागात) आहे, सीएसएसमध्ये कितीही फेरफार केले तरी फरक पडणार नाही. असेल तर गडबड कंपोनंटमध्ये आहे, आणि तक्रार एकाच पानाची आली असली तरी ती सगळ्या पानांवर आहे असं धरून चाला.

एडिटरच्या प्रिव्ह्यूवर विसंबू नका. प्रिव्ह्यू आणि साइट बहुतेक वेळा वेगळे पार्सर वापरतात. ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’ हे वाक्य इथूनच येतं, आणि बोलणारा खरंच सांगत असतो.

कोलन तसेच छापले जातात

डॉक्युसॉरस हे मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा वापरून) लिहिलेल्या फाइलींतून साइट बनवणारं साधन. त्यात तीन कोलन आणि त्यांना चिकटून प्रकाराचं नाव लिहितात. व्हीटप्रेस या तशाच दुसऱ्या साधनाच्या डॉक्समध्ये कोलन आणि नाव यांच्यात मोकळी जागा सोडायची पद्धत आहे. व्हीटप्रेसमधलं पान उचलून डॉक्युसॉरसमध्ये टाकलं की ती एवढीशी जागा नडते: पार्सर त्या ओळीला डिरेक्टिव्ह (खास ब्लॉकची खूण) मानत नाही आणि कोलन पानावर छापले जातात.

दुसरं कारण प्रेटियर, म्हणजे फाइलींची मांडणी आपोआप सुधारणारं साधन. मार्कडाउनच्या ओळी गुंडाळण्याची सेटिंग चालू असेल, तर तो कोलनची ओळ, मजकूर आणि शेवटचे कोलन हे सगळं एक परिच्छेद समजून एका ओळीत जोडू शकतो. आमच्याकडे हा बिघाड सतत परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच होतं. लेखकाने बरोबर लिहिलेलं असतं, रिव्ह्यू करणाऱ्याने बरोबर वाचलेलं असतं, आणि कमिटच्या वेळी चालणारा हुक फाइल बदलून टाकतो. उपाय सोपा आहे: सुरुवातीच्या कोलनच्या ओळीआधी आणि नंतर, तसंच शेवटच्या कोलनच्या ओळीआधी आणि नंतर, एकेक रिकामी ओळ सोडा. हा नियम लेखकांच्या लक्षात राहील या भरवशावर राहू नका. नव्या पानाच्या टेम्प्लेटमध्ये आणि एडिटरच्या स्निपेटमध्येच त्या रिकाम्या ओळी घालून ठेवा.

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून आणलेल्या रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) तिसरी तऱ्हा सापडते. तिथे अवतरणाच्या चिन्हानंतर चौकोनी कंसात उद्गारचिन्ह आणि प्रकाराचं नाव लिहून इशारा बनतो. गिटहबने डिसेंबर २०२३ मध्ये नोट, टिप, इम्पॉर्टंट, वॉर्निंग आणि कॉशन असे पाच प्रकार जाहीर केले. ज्या साधनाला ही पद्धत कळत नाही, तिथे तो मजकूर साधं अवतरण म्हणून उमटतो आणि चौकोनी कंस वाचकाला तसाच दिसतो.

कोलनही नाहीत, बॉक्सही नाही

हा प्रकार जास्त वाईट, कारण पानावर काही मोडल्याची खूणच उरत नाही. डॉक्युसॉरसमध्ये प्रकाराच्या नावाचं स्पेलिंग चुकलं की पार्सरला तो डिरेक्टिव्ह ओळखता येतो, पण त्या नावाचा कंपोनंट सापडत नाही. मग मजकूर साध्या डिव्हमध्ये गुंडाळला जातो. इशारा आजूबाजूच्या परिच्छेदांत विरघळतो. आवृत्ती ३ अशा न वापरलेल्या डिरेक्टिव्हची नोंद टर्मिनलवर देते, पण बिल्डच्या लांबलचक लॉगमध्ये ती ओळ कोण वाचतं? सीआयमध्ये (बदल आल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) ती नोंद आली की बिल्ड थांबेल, अशी व्यवस्था करा.

स्फिंक्स हे डॉक्स बनवायचं साधन वापरणाऱ्यांनी याहून जास्त सावध राहावं. त्याच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लिहिण्याच्या पद्धतीत दोन टिंबं, नाव आणि त्यानंतर दोन कोलन लागतात. एक कोलन सुटला तर पार्सर सगळा ब्लॉक कॉमेंट समजतो आणि पानावर काहीच छापत नाही, साधा परिच्छेदसुद्धा नाही. एररही येत नाही. ‘इशारा लिहिला होता, पण साइटवर नाही’ अशी तक्रार स्फिंक्सच्या डॉक्समध्ये आली, तर मी सर्वांत आधी कोलन मोजतो.

ह्यूगो या साधनात गायब होण्याचं कारण निराळं. त्याचा गोल्डमार्क पार्सर मार्कडाउनमधलं कच्चं एचटीएमएल मुळात वगळतो. कुणी बॉक्ससाठी हाताने डिव्ह लिहिला आणि आत रिकामी ओळ सोडली नाही, तर टॅगसकट मजकूरही जातो. सोर्समध्ये त्या जागी ‘रॉ एचटीएमएल वगळलं’ अशा अर्थाची कॉमेंट सापडली की निदान पक्कं. असुरक्षित एचटीएमएलला परवानगी देणारी सेटिंग चालू करण्यापेक्षा शॉर्टकोड (नावाने बोलावता येणारा ह्यूगोचा तयार तुकडा) करा.

अर्धा मजकूर बाहेर पडतो

एमकेडॉक्स या साधनात तीन उद्गारचिन्हांनी बॉक्स सुरू होतो आणि आतली प्रत्येक ओळ चार स्पेस आत असावी लागते. पहिला परिच्छेद चार स्पेसवर आणि दुसरा दोन स्पेसवर असला, की दुसरा बाहेर पडतो. दोन स्पेसची सवय असलेल्या जावास्क्रिप्टवाल्या मंडळींकडून हे नेहमी होतं. त्यात बॉक्स यादीच्या एखाद्या पायरीखाली असेल तर यादीचे चार आणि बॉक्सचे चार, असे आठ स्पेस लागतात. एडिटर कॉन्फिगची फाइल घालून मार्कडाउनसाठी इंडेंट चारवर बांधून टाका, म्हणजे प्रश्न मुळातून सुटतो.

डॉक्युसॉरसमध्ये बॉक्सच्या आत बॉक्स टाकला आणि दोघांनाही तीनच कोलन दिले, तर आतल्याचा शेवट बाहेरच्याचाही शेवट ठरतो. बाहेरच्याला चार कोलन द्या. खरं तर इशाऱ्याच्या आत इशारा ठेवायची वेळ आली तर मी ते पान नव्याने लिहायला सांगतो.

स्टार आणि बॅकटिक जसेच्या तसे दिसत असतील, तर आतला मजकूर मार्कडाउन म्हणून वाचलाच गेलेला नाही. साध्या मार्कडाउनमध्ये डिव्ह उघडल्यावर एक रिकामी ओळ लागते. ह्यूगोच्या शॉर्टकोडमध्ये टक्क्याच्या चिन्हाने लिहिलं तर आतलं मार्कडाउन रेंडर होतं, कोनाच्या कंसाने लिहिलं तर आपोआप होत नाही.

आवृत्ती बदलली आणि इशाऱ्याचा रंग बदलला

डॉक्युसॉरस ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. त्याआधी बॉक्सचं शीर्षक प्रकाराच्या नावापुढे नुसतं लिहिलं तरी चालायचं, आता ते चौकोनी कंसात लिहायचं असतं. कॉशन हा प्रकार जुना ठरवून त्याजागी वॉर्निंग वापरायला सांगितलं गेलं, आणि आवृत्ती २ मध्ये लाल दिसणारा वॉर्निंग ३ मध्ये नारिंगी झाला. लाल हवा असेल तर डेंजर.

इथे थोडं थांबू, कारण रंगामागे पातळीचा गोंधळ आहे आणि तो अपग्रेडपुरता नाही. कारखान्यातल्या सूचनांसाठीच्या अमेरिकन एएनएसआय झेड५३५ या मानकात पातळ्या परिणामावरून ठरतात. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा. कॉशन तिथे वॉर्निंगच्या खाली आहे. गिटहबवर उलट: कॉशन लाल आणि वॉर्निंग पिवळसर. म्हणजे एकच शब्द रीडमीत सर्वांत वरचा आणि दुसऱ्या साधनात खालचा. मजकूर इकडून तिकडे नेताना फक्त चिन्हं बदलली तर इशाऱ्याचं वजन बदलतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आम्ही लेखकांना रंग किंवा इंग्रजी पातळी निवडायला देतच नाही. कंपोनंटला ‘परिणाम’ सांगायचा असतो: पैसे जाऊ शकतात, डेटा परत मिळणार नाही, सेवा थांबेल, किंवा नुसती माहिती. त्यावरून रंग, आयकॉन आणि शीर्षक कंपोनंट ठरवतो. कोणता प्रकार वापरू, यावर रिव्ह्यूमध्ये होणारे वाद यामुळे थांबले. ‘पैसे जाऊ शकतात का?’ या प्रश्नाला उत्तर देता येतं. ‘हे वॉर्निंग की कॉशन?’ याला प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

एचटीएमएल बरोबर आहे, तरी दिसत नाही

कंपोनंट कस्टम एलिमेंट, म्हणजे जावास्क्रिप्टने चालणारा स्वतःचा टॅग, म्हणून बनवलेला असेल तर आधी नेटवर्क मंद करून बघा. भुयारी मेट्रोत उतरलेल्या माणसाच्या फोनवर एचटीएमएल आलेलं असतं, पण जावास्क्रिप्टची फाइल अडकलेली असते. पान उघडताना लुकलुक नको म्हणून अनेक जण नोंद न झालेला एलिमेंट सीएसएसने लपवतात. स्क्रिप्ट आलीच नाही तर तो लपलेलाच राहतो. म्हणजे नेमका इशाराच गायब, बाकी सगळं पान वाचता येतं. इशारा कधीही असा लपवू नका. मूळ बॉर्डर आणि रंग टॅगलाच द्या, स्क्रिप्ट आल्यावर काय सुधारायचं ते सुधारा. इशाऱ्याचा मजकूर अॅट्रिब्यूटमध्येही देऊ नका, कारण स्क्रिप्टशिवाय अॅट्रिब्यूट पानावर उमटत नाही. टॅगच्या आत लिहिलेला मजकूर स्क्रिप्ट नसली तरी उमटतो.

फोनवर सगळं पान आडवं सरकत असेल तर बॉक्सच्या आत कोड ब्लॉक आहे का ते पाहा. आयकॉन एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवण्यासाठी फ्लेक्स ही सीएसएसची मांडणी वापरलेली असते, आणि फ्लेक्समधला घटक मुळात आपल्या आतल्या मजकुराच्या किमान रुंदीपेक्षा लहान होत नाही. कोडची एक लांब ओळ सगळा बॉक्स ताणते. मजकुराच्या डब्याला मिन-विड्थ शून्य द्या आणि कोड ब्लॉकला स्वतःचं आडवं स्क्रोल द्या. ओव्हरफ्लो हिडन लावून मोकळे होऊ नका. त्याने कमांडचा शेवट कापला जातो, आणि नेमका धोक्याचा फ्लॅग त्या शेवटात असू शकतो.

डार्क मोडमध्ये मजकूर वाचता येत नसेल, तर बॅकग्राउंड थीमच्या व्हेरिएबलमधून आणि अक्षरांचा रंग थेट हेक्समध्ये (रंगाच्या ठरावीक कोडमध्ये), अशी सरमिसळ असते. दोन्ही एकाच जोडीतून घ्या. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ आणि अर्थ सांगणाऱ्या आयकॉनला किमान ३:१ कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १.०७:१ देतो. ‘इशारा म्हणजे पिवळा’ या समजुतीने पिवळ्या अक्षरांत शीर्षक लिहिलं की ते कुणालाच वाचता येत नाही.

प्रिंटची तक्रार आमच्याकडे बँकांकडून येते. त्यांच्या सुरक्षा तपासणीत डॉक्स पीडीएफ करून किंवा कागदावर काढून फाइलला लावतात. ब्राउझर प्रिंट करताना बॅकग्राउंडचे रंग मुळात वगळतो, त्यामुळे फक्त बॅकग्राउंडवर उभा असलेला बॉक्स कागदावर साधा परिच्छेद होतो. बॉक्सला खरी बॉर्डर द्या, बॉक्स-शॅडोने काढलेली रेघ नको. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्येही शॅडो जाते आणि बॉर्डर टिकते, म्हणजे एका बदलात दोन तक्रारी मिटतात. प्रिंटच्या स्टाइलमध्ये बॉक्स दोन पानांत तुटू नये अशी सूचना घाला. आणि इशारा घडीच्या पॅनलमध्ये ठेवू नका. मिटलेली घडी कागदावर उघडत नाही.

स्क्रीन रीडरवर सगळे इशारे एकदम वाचले जातात

स्क्रीन रीडर म्हणजे न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम. ही तक्रार विकासकाला स्वतःच्या मशीनवर सहसा सापडत नाही, त्यामुळे ती ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून बंद होते. कारण असं. बॉक्सला अलर्टचा रोल (हा घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) दिलेला असतो. पान पहिल्यांदा सर्व्हरवरून येतं तेव्हा आधीपासून असलेला अलर्ट बहुधा आपणहून वाचला जात नाही. पण मेनूतून दुसऱ्या पानावर गेलं की सिंगल पेज अॅप (सगळं पान पुन्हा न उघडता चालणारी साइट) नवा मजकूर पानात घालतं, आणि नव्याने आलेला प्रत्येक अलर्ट स्क्रीन रीडर हातातलं वाचन तोडून जाहीर करतो. पानावर चार बॉक्स असतील तर चारही, संदर्भाशिवाय. तपासायचं असेल तर पान रिफ्रेश करू नका, मेनूवर क्लिक करून जा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो लावून पाहा.

अलर्टचा रोल आत्ता घडलेल्या गोष्टीसाठी आहे, जसं फॉर्म अडकला किंवा सेशन संपतंय. डॉक्समधला इशारा पानाचा स्थिर भाग आहे. त्याला नोट हा रोल द्या आणि शीर्षकाशी जोडा. शीर्षकाला हेडिंगचा टॅग देऊ नका, नाहीतर पानाच्या अनुक्रमणिकेत आणि सर्चमध्ये ‘चेतावणी, चेतावणी, चेतावणी’ अशा नोंदी भरतात. तो शब्द सीएसएसच्या कंटेंटमधूनही आणू नका. तो कॉपी होत नाही, पानात शोधता येत नाही आणि भाषांतराच्या फाइलीत येत नाही. शब्द मात्र हवाच, कारण नुसत्या रंगावरून अर्थ पोहोचवणं डब्ल्यूसीएजीत बसत नाही. आयकॉन शब्दाच्या शेजारी असेल तर तो स्क्रीन रीडरपासून लपवा, म्हणजे एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागणार नाही.

मराठी पानांवर शीर्षक तुटकं दिसतं

मराठी डॉक्स करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो, आणि कंपोनंट इंग्रजीत तपासलेला असल्यामुळे तो पुढे सरकतो. बॉक्सच्या शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेखा मध्येच तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. मराठीसाठी लेटर-स्पेसिंग नॉर्मल करा. कॅपिटल करण्याच्या नियमाचा देवनागरीवर परिणाम होत नाही, त्यामुळे शीर्षक ठळक दिसावं म्हणून त्याच्यावर विसंबलात तर मराठीत काहीच ठळक होत नाही. त्याऐवजी फॉन्टचं वजन वाढवा. लाइन-हाइट घट्ट असेल तर ‘र्की’ किंवा ‘ट्रू’ असलेल्या ओळी एकमेकींना भिडतात, आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर वरची-खालची मात्रा कापली जाते. लँग अॅट्रिब्यूटला मराठीचा कोड ‘एमआर’ द्या, नाहीतर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायचा प्रयत्न करतो.

पुन्हा येऊ नये म्हणून

बिल्ड झाल्यावर तयार एचटीएमएलमध्ये दोन गोष्टी शोधणारी छोटी स्क्रिप्ट सीआयमध्ये ठेवा: परिच्छेदाच्या सुरुवातीला उरलेले तीन कोलन, आणि चौकोनी कंसातलं उद्गारचिन्ह. कोड ब्लॉकमधला मजकूर वगळा, नाहीतर इशारा कसा लिहायचा हे शिकवणारं पानच अडकेल. तिसरी तपासणी संख्येची: सोर्समध्ये जेवढे इशारे लिहिलेत तेवढे बॉक्स एचटीएमएलमध्ये आहेत का? चुकलेलं स्पेलिंग आणि स्फिंक्सचा सुटलेला कोलन यातच पकडले जातात. सोर्समध्ये मोजताना मात्र एका कोलनची ओळही इशाराच धरा.

सोबत एक चाचणीचं पान ठेवा. त्यावर प्रत्येक प्रकारचा बॉक्स असावा: कोड ब्लॉकसकट, यादीच्या आत, लांब यूआरएलसकट, मराठी शीर्षकाचा, आणि शीर्षक नसलेला. कंपोनंट किंवा साधनाची आवृत्ती बदलली की या पानाचे फोनच्या रुंदीत, डार्क मोडमध्ये आणि प्रिंटमध्ये स्क्रीनशॉट काढून जुन्यांशी ताडून पाहा. प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने हे काम आपोआप होतं.

सगळं नीट आहे, तरी वाचकाने इशारा वाचला नाही

तेव्हा जागा बघा. बॉक्स कमांडच्या खाली असेल तर कॉपीचं बटण आधी येतं आणि इशारा नंतर. वाचक कॉपी करून टर्मिनलकडे गेलेला असतो. इशारा कमांडच्या वरच हवा, तोही लगेच वर, पानाच्या सुरुवातीला जमवलेल्या सामाईक ताकिदींत नको. पहिल्या वाक्यात परिणाम सांगा आणि दुसऱ्यात काय करायचं ते. ‘कृपया काळजी घ्या’ एवढंच लिहिलेला बॉक्स काढून टाका, त्याने पुढच्या खऱ्या बॉक्सकडे दुर्लक्ष होतं.

परत न मिळणाऱ्या डेटाच्या बाबतीत आम्ही आणखी एक गोष्ट करतो. कोड ब्लॉकमध्ये हॅशने सुरू होणारी इशाऱ्याची ओळ घालावी असं काही जण सुचवतात, पण मॅकवर २०१९ पासून झेडशेल मूळ शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) आहे, आणि टर्मिनलमध्ये थेट पेस्ट केलेली हॅशची ओळ तो मुळात कॉमेंट मानत नाही. एरर येते आणि पुढची कमांड तरीही चालते. त्याऐवजी आम्ही कमांडमध्ये मर्चंट आयडीच्या जागी ठळक मोठ्या अक्षरांतला, अस्तित्वात नसलेला आयडी ठेवतो. तो बदलल्याशिवाय सर्व्हर विनंती नाकारतो. खरा आयडी टाकायला वाचक पानावर परत येतो, आणि तो आयडी कुठून घ्यायचा हे आम्ही त्याच वॉर्निंग बॉक्समध्ये लिहिलेलं असतं.